मिंगल

"आज दोन घरं मिंगल झाली," अंबादास माइकवर म्हणाला आणि मल्लिनाथ सरांनी नाक मुरडलं.

जावयाचं इंग्रजीही दारच्या मांडवासारखंच, भाड्यानं आणलेलं! सरांची हयात इंग्रजी शिकवण्यात गेली. अशा माणसाची एम.ए. झालेली लेक सिद्धेश्वरी शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, टॉवेल विणणाऱ्याच्या घरात येऊन पडली. लग्नाला ते फिरकले नव्हते. आज बारशालाही लेक फोनवर रडली म्हणून आले होते. शेजारचे यंत्रमाग खडखडत होते आणि त्यावर कडी करणारं पाहुण्यांचं तेलुगू. सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंग चोरून बसले होते.

सिद्धेश्वरीनं बाळ आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "अप्पा, बघा की, नाक तुमच्यावर गेलंय."

बाळानं त्यांचं बोट मुठीत धरलं. सर बघत राहिले. तेवढ्यात अंबादासनं माइक पुढं केला. "सर, दोन शब्द बोला की. तुमचं इंग्लिश लई भारी."

माइक हातात येताच सरांना समोर वर्ग दिसू लागला.

"मिंगल म्हणजे मिसळणे. पण दुधात साखर विरघळते तसं नव्हे. मिंगल होऊनही जो तो वेगळा ओळखू येतो, जत्रेतल्या माणसांसारखा. म्हणजे जावईबापूंचा शब्द चुकून बरोबर आला." दोघंतिघं हसले. सरांना चेव आला. "शब्द जुन्या इंग्रजीतला. त्याच कुळातला दुसरा शब्द मंग्रल. म्हणजे संकराचं कुत्रं."

अंबादासच्या आईला इंग्रजी येत नव्हतं. 'कुत्रं' मात्र कळलं. घुगऱ्या वाढणारा तिचा हात थांबला.

सिद्धेश्वरी पुढं आली. "अमंगसुद्धा त्याच कुळातला, अप्पा. माणसांमध्ये. तुमीच शिकवलावता मला." आवाज न चढवता तिनं बाळाची मूठ सोडवली आणि बाळ उचलून घेतलं.

"व्युत्पत्ती चूक नव्हती," सर म्हणाले. कुणी ऐकलं नाही. बायका पाळण्याभोवती गोळा झाल्या होत्या. कुणीतरी बाळाच्या कानात कुर्र केलं, पाठीवर धपके पडले, नाव पुकारलं गेलं. मागांच्या खडखडाटात ते कोपऱ्यापर्यंत पोचलं नाही. सरांनी चपला शोधल्या.

घरी कुलूप काढताना शेजारच्या बजाबाईंनी हटकलं, "काय सर, नातीचं नाव काय ठेवलं?"

सर किल्लीशी झटत राहिले.

"फार गोंगाट होता हो तिथं," ते म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.