चुकामुकीची तालीम

नाहीदने प्रेमिलाचा हात सोडला आणि मागे न पाहता ती चंद्रपूरच्या गोल बाजारातल्या गर्दीत घुसली. त्याआधी मसाल्याच्या दुकानासमोर प्रेमिलाला उभी करून तिने बजावले होते,

“मी दिसेनाशी झाली का लोकेशन पाठवजो. अन् जागची हलू नोको.”

“हाव वं,” प्रेमिला म्हणाली होती. “किती खेप सांगशीन?”

सिंगापुरात चुकामूक झाली तर काय करायचे, त्याची ही तालीम होती. महिनाभर मोबाईलवर व्हिडिओ पाहून नाहीदने वहीत परदेशप्रवासाचे नियम उतरवले होते. पासपोर्टची झेरॉक्स दोन ठिकाणी ठेवावी. पायात जुनीच चप्पल घालावी, नवी चावते. मैत्रिणीशी वाजले तर पोटात काही गेल्यावर बोलावे. सातवा नियम चुकामुकीचा. तो तेवढा लाल पेनाने लिहिलेला.

पोंभुर्ण्याच्या बाजारात नाहीदचे बांगड्यांचे दुकान आणि समोर तळ्याची मासळी विकणारी प्रेमिला, अशा दोघी अठ्ठावीस वर्षे एकमेकींच्या तोंडासमोर बसत आल्या होत्या. नाहीदच्या नवऱ्याने, जाहिदने, मोठ्या हौसेने दोघांचे पासपोर्ट काढले आणि वर्षाच्या आत तो गेला. तिचा पासपोर्ट आता यंदापुरताच चालणार होता. यंदा नाही तर कधीच नाही, असे तिच्या मनाने घेतले होते. आणि जायचे तर प्रेमिलाबरोबरच. प्रेमिलाचा मुलगा सुरेंद्र कुरकुरला, तेव्हा “तुह्या मायले मी बराबर वापस आणीन” असे सांगून ती मोकळी झाली होती. आज पाचपर्यंत सहलीच्या एजंटाला हो की नाही ते कळवायचे होते. प्रेमिला इथेच चुकली तर नाही म्हणायचे, हे मात्र तिने कोणालाच सांगितले नव्हते.

कापडाच्या गल्लीत थांबून तिने मोबाईल पाहिला. लोकेशन आले नव्हते. तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, तेच. ओढणी सावरत ती जवळजवळ धावतच मसाल्याच्या दुकानापाशी आली. प्रेमिला नव्हती.

“भाऊ, इथी एक बाई उभी होती. हिरव्या लुगड्यातली.”

“गेली ना, मघाच,” दुकानदार तराजूवरून नजर न काढता म्हणाला.

नाहीद तशीच वळली. ती भाजीची ओळ फिरली, भांड्यांची फिरली, चपलांच्या दुकानांत डोकावून आली. दर महिन्याला ती इथेच माल भरायला यायची. आज तोच बाजार तिला ओळखीचा वाटेना. कोण्या तोंडाने सुरेंद्रपुढे उभे राहायचे? घड्याळात साडेचार झाले होते. कोणीतरी तिला “बाजूले व्हा ना बाई” म्हणाले, आणि तिचे डोळे भरून आले.

एका मोसमात ती प्रेमिलासोबत मोहफुले वेचायला रानात गेली होती. वाघाचे रान. बाया थोड्या थोड्या वेळाने एकमेकींना आवाज द्यायच्या, आणि उत्तर आले की पुन्हा खाली वाकायच्या. भरबाजारात, हातगाड्यांच्या मधोमध, नाहीदने तोंडाला हात लावला.

“हूऽऽ...”

दोनचार जणांनी वळून पाहिले. आणि तिच्या अगदी पाठीमागून, हातभर अंतरावरून, हळूच उत्तर आले.

“हूऽऽ.”

प्रेमिला पदराने तोंड पुसत उभी होती. हातात केळ्यांची फणी.

“कुठी होती तू?”

“तुह्या मांगं.”

“कवापासून?”

“तू हात सोडला तवापासून. समोर जानाऱ्या बाईले नजरेआड करत नाई आम्ही. रानात तसंच असते.”

“मंग फोन काऊन नाई उचलला? जीव जाऊन राह्यला होता माहा.”

“वाजून राह्यला होता ना. पन खाली मुंडी घालून फोन पाहू का तुह्याकडं पाहू?”

नाहीदला राग आला होता आणि हसूही येत होते. दोन्ही एकदम करता येईना. तिने नाक ओढणीला पुसले.

“आवाज तरी द्याचा.”

प्रेमिलाने एक केळे तोडून तिच्या हातात ठेवले.

“सुरेंद्र म्हने, इतक्या दूर जाऊन राह्यली तं नाहीदबाईले पहिले बजारात पाहून घे. घाबरते का, का सोडून जाते. म्हनून गुपचूप पाह्यलं.”

हातातले केळे नाहीदने सोललेच नाही.

“मंग? काय पाह्यलं?”

“घाबरतं तू. लय घाबरतं,” प्रेमिला म्हणाली. “पन शोधनं सोडलं नाई. चालते मले.”

पाचला दहा कमी असताना एजंटाचाच फोन आला.

“काय ठरलं मॅडम?”

“जातो आम्ही. दोघी.”

“सीटा बाजूबाजूच्या घेऊ ना?”

नाहीदने प्रेमिलाकडे पाहिले. ती केळ्याची साल कुठे टाकावी ते शोधत होती, आणि शोधतानाही तिचा एक डोळा नाहीदवर होता.

“नाई,” नाहीद म्हणाली. “एकामांगं एक घ्या. मांगची तिले.”