कर्दळीची जागा

"तिला हात लावू नका," ते म्हणाले.

बाईंच्या हातातली कुदळ तशीच थांबली. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं आणि नवऱ्याचा आवाज चढलेला त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. चढलेला म्हणजे तरी काय, रोजच्या पुटपुटण्याहून जरा वर. छापखान्यात यंत्राच्या धडधडीत ओरडून ओरडून जन्म गेलेला माणूस. घरात बोलायला आवाज शिल्लक ठेवायचाच नाही.

"अहो, नाही लावला तर मरेल ती," बाई म्हणाल्या. "पानं बघा, नुसती ताडमाड वाढलीयेत. उजेडासाठी माना ताणून बसलीत बिचारी. फूल कुठून येणार?"

"तिनं तिथं लावलीय. तिथंच राहू दे."

तिनं म्हणजे पहिल्या बायकोनं. ते आत निघून गेले. बाईंनी कुदळ भिंतीला टेकवून ठेवली.

मागचं अंगण हातभर, पण पहिलीनं नळाजवळ कर्दळ लावली तेव्हा तिथं दिवसभर ऊन पडायचं. पुढे ती गेली आणि शेजाऱ्यांचं रोपटं वाढत वाढत भिंतीवरून अलीकडे आलं. माणूस गेल्याची सगळ्यांना खबर होती, ऊन गेल्याची कुणाला नव्हती.

बाई चष्म्याच्या दुकानात कामाला होत्या. "वरची ओळ वाचा. आता खालची," हे म्हणण्यात तारुण्य सरलं. पाठच्या भावंडांची लग्नं लावता लावता स्वतःचं राहिलं, आणि राहिल्याचं पुढे पुढे कुणाला वाईटही वाटेनासं झालं. मग एक विधुर गृहस्थ नवा चष्मा घेऊन गेले आणि काडी कानामागे टोचते म्हणून परत परत येऊ लागले. काडीत काही खोट नव्हती. शेवटी दुकानाचे मालकच म्हणाले, "बाई, यांचं दुखणं कानामागचं नाही."

अशा त्या या घरात आल्या. भांडी तिनं मांडलेली, पडदे तिनं शिवलेले. बाईंनी काही हलवलं नाही. बसता-उठता पाहुण्यासारखं अंग चोरायची सवयच लागली.

दुपारी घर निजलं की त्या मागच्या पायरीवर टेकत. झाडाखालचा उजेड हिरवा, पाण्यातून आल्यासारखा. डोळा लागतो न लागतो तोच नळाजवळ कुणीतरी बसलेलं दिसे. पाय दुमडून, पाठमोरं. भ्यावं असं त्यात काही नव्हतं. दोघी एकाच घरातल्या, इतकंच.

"इथं ऊन येत नाही हो ताई आता," बाई झोपेतच म्हणत.

ती हाताच्या आधारानं उठे, उन्हाचा तुकडा जिथं पडला असेल तिथं जाऊन बसे, आणि ऊन पुढे गेलं की तीही पुढे जाई. बाई जाग्या होत तेव्हा अंगणात फक्त दोरीवरचे कपडे हलत असत.

सुट्टीच्या दिवशी पहिलीची लेक आली. बापानं फोन केला असावा. चपला न काढताच ती मागच्या दारी गेली.

"आईची एवढीच खूण राहिलीय घरात," ती म्हणाली. "तीही उपटायची?"

"म्हणूनच उपटायचीय," बाई म्हणाल्या. "अजून एक पावसाळा या सावलीत गेला तर खूण सांगायलाही उरणार नाही."

"आणि मेली तर?"

"तर माझ्या नावावर."

लेक कर्दळीपाशी वाकली. एक पान तिनं बोटात धरलं, ते मऊ, निस्तेज होतं. मग तिनं चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि कुदळ उचलली.

माती भसाभस सुटली. खाली कंद एकमेकांत गुंतून गोळा झाला होता, निम्मा कुजलेला. बाईंनी तो मोडून वेगळा केला, मऊ पडलेले तुकडे टाकले, टणक तेवढे ठेवले. "याला बघ डोळा आहे. डोळा वर ठेवून लावायचा, फार खोल नाही."

"डोळ्यांतलं तुम्हालाच कळणार," लेक म्हणाली, आणि आपण विनोद केला हे कळून स्वतःच दचकली. मग दोघी हसल्या. आतल्या खोलीत खुर्ची करकरली, पण बाहेर कुणी आलं नाही.

दोरी सोडून पलीकडे बांधली आणि तिच्या जुन्या जागी, समोरच्या भिंतीलगत मोकळ्या उन्हात कंद लावले. जाताना लेकीनं एक तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळून मागून घेतला.

मग पुष्कळ दिवस मातीखेरीज तिथं काही दिसेना. ते त्या बाजूला बघतच नसत, नळावर हात धुवायचे ते नळामागच्या भिंतीकडे तोंड करून. जेवताना "मीठ द्या", "पाणी हवंय का", एवढंच. बाई सकाळी पाणी घालत, आणि रात्री पडल्या पडल्या वाटे, आपण हे कशाला अंगावर ओढून घेतलं? आपली काय मिरासदारी होती इथं?

एका सकाळी मातीतून गुंडाळलेली टोकं वर आली. पानं उलगडली, रुंद, तांबूस कडेची. उन्हानं पार पोळून निघालेल्या त्या भिंतीला कर्दळीनं असं काही अंग धरलं की येणारा-जाणारा थबकावा. ते हात धुताना आता इकडे तोंड करू लागले.

त्या दिवशी बाई आत चहा गाळत होत्या. अंगणातून हाक आली.

"अगं," आणि नाव. "लवकर ये, बघ काय फुललंय!"

आवाज मोकळा, तरुण, या घरात कधी न ऐकलेला. नाव बाईंचं नव्हतं.

पाठोपाठ बाहेर सगळं चिडीचूप झालं. त्यांच्याही लक्षात आलं होतं.

बाईंनी गाळणं खाली ठेवलं. ओले हात पदराला पुसले, अगदी कोरडे होईपर्यंत.

"आले हं," त्या म्हणाल्या, आणि उन्हात गेल्या.