रुद्राणीची फुटाण्याची कॉफी

मित्रांनो, मी जुना मिक्सर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. तुम्ही म्हणाल, मिक्सरला कसला आला राग? सोलापुरातल्या एका स्वयंपाकघराच्या ओट्यावर एकवीस वर्षं काढा आणि मग मला विचारा. जेवणाऱ्यांना जे दिसत नाही ते ओट्यावरून सगळं दिसतं.

माझा जन्म कारखान्यातला. तांब्याच्या तारा गुंडाळून माझी मोटार केली, वर पांढरं अंग चढवलं आणि पोटाखाली एक लाल बटण बसवलं. भार जास्त झाला की ते बटण खटकन पडतं आणि मी बंद होतो. मग मला विश्रांती दिल्याशिवाय कुणाचा बापही माझ्याकडून काम करून घेऊ शकत नाही. यंत्राची एवढी काळजी कुणीतरी घेतली, याचं मला पुढे फार नवल वाटलं. का ते सांगतोच.

अक्कलकोटकडच्या एका खेड्यातले मल्लप्पा मला सोलापूरच्या नव्या पेठेतून घेऊन गेले. त्यांच्या मुलीचं, रुद्राणीचं लग्न होतं. रुखवतात मला मधोमध मांडलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. बायका येऊन माझ्या बटणाला हात लावून बघायच्या. लग्न लागलं आणि रुद्राणी आणि मी एकाच टेम्पोतून सोलापूरला आलो. ती वीस वर्षांची, शिडशिडीत आणि हसरी होती. मीही कोरा करकरीत होतो.

सासरी पहिल्याच दिवशी सासूबाईंनी, म्हणजे दानम्मांनी, मला खालीवर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "ह्या बोंबल्यात चटणी करायची न्हाय हं. शेंगाची चटणी उखळात कुटायची असती."

मी अपमान गिळला. दोन वर्षांत दानम्मांचा खांदा धरला आणि उखळ परसात गेलं. तेव्हापासून या घरची शेंगाची चटणी मीच करतो. पाहुणे बोटं चाटत विचारायचे, "उखळातली का अव्वा?" आणि दानम्मा माझ्यासमोर, माझ्या डोळ्यांदेखत सांगायच्या, "मग! उखळातलीच." अजून आठवलं की माझी तार गरम होते.

पण माझा खरा राग तो नाही.

या घरात पाच माणसं. शिवप्पा, म्हणजे रुद्राणीचा नवरा, टॉवेलच्या कारखान्यात कारकून आहे. मुलगा गुरुशांत आता वीस वर्षांचा, मुलगी भुवनेश्वरी अकरावीला. दानम्मा आहेतच. रुद्राणी सगळ्यांचं करून दुपारी शाळेच्या गणवेशांना काजं-बटणं करते. दानम्मांनी नातवंडांना लहानपणापासून एकच शिकवलं, की अन्न म्हणजे प्रसाद, ताटात कण टाकायचा नाही, जेवण झालं की ताटात पाणी घालून तेही पिऊन टाकायचं. फार चांगली शिकवण आहे, मला मान्य आहे. पण ती या घरात कशी पाळली जायची ते ऐका.

शिवप्पा शेवटची अर्धी भाकरी न चुकता ठेवायचे. गुरुशांतचा भात राहायचा. भुवनेश्वरीचा डबा संध्याकाळी अर्धा परत यायचा. दानम्मांचे दात गेले, तेव्हापासून भाकरीच्या कडक कडा त्यांच्या ताटात गोल पडून असायच्या. मग सगळे हात धुऊन बाहेर जायचे आणि रुद्राणी ओट्यापाशी उभी राहून ती ताटं एका ताटात निपटायची. प्रसाद टाकायचा नाही ना! तो ती खायची. आणि तिची स्वतःची भाकरी? तीही खायची, नाहीतर तीही उरली असती.

एकवीस वर्षं, दोन्ही वेळेला. मी बघत होतो आणि मला तोंड नव्हतं.

गुरुशांत जिमला जायला लागला आणि माझे वाईट दिवस आले. त्याने स्वतःसाठी हातात मावेल एवढा नवा मिक्सर आणला आणि पावडरचा हा एवढा मोठा डबा आणला. मला कापडात गुंडाळून माळ्यावर टाकलं, एकीकडे सुपं आणि दुसरीकडे गणपतीचं मखर. तिथून मला फक्त ऐकू यायचं. सकाळी नवा मिक्सर भुर्रकन वाजायचा आणि शिवप्पा पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे, "आमचा गुरु प्रोटीन कॉफी पितो. स्वतः करतो, हां! शरीर कमवायचं म्हंजे शिस्त लागती." त्या शिस्तीत गुरुशांतने भाकरी सोडली. पण ताटात वाढून घेणं काही सोडलं नाही. म्हणजे पथ्य त्याचं, आणि त्याने सोडलेली भाकरी जात होती रुद्राणीच्या पोटात!

मग एके दिवशी पाणी आलं. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेव्हा सगळा दिवस भरण्यात जातो. रुद्राणीने हंडा उचलला आणि पोट धरून खालीच बसली. भुवनेश्वरीच्या वेळी पोट फाडून बाळंतपण झालं होतं. त्या जागेतून आतडं बाहेर यायला बघत होतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते तिने संध्याकाळी दानम्मांना स्वयंपाकघरात सांगितलं, ते मी माळ्यावरून ऐकलं.

"ऑपरेशन करावंच लागंल म्हणल्या. पण आदी सात किलो कमी करा, साखर आटोक्यात आणा, तवाच हात लावीन म्हणल्या. आतडं अडकलं तर जिवावर बेतंल म्हणं, अत्ती."

डॉक्टरीणबाईंनी सकाळी प्रोटीन घ्यायला सांगितलं होतं, म्हणजे दुपारपर्यंत भूक लागत नाही. रुद्राणीने भीत भीत गुरुशांतला विचारलं, "तुझ्या डब्यातली दोन चमचे घेऊ का रे?"

"मम्मी, ते जिमवाल्यांचं असतंय. तुला काय करायचंय?" तो म्हणाला, आणि डबा कपाटात वर ठेवला.

रुद्राणीने स्टूल घेतलं, माळ्यावर हात घातला आणि मला खाली काढलं. ओल्या फडक्याने पुसलं. दोन वर्षांनी कुणीतरी माझं नाव घेतलं होतं, मित्रांनो. नाव म्हणजे "माज्या बाबानं दिलेला", एवढंच.

पहिल्या दिवशी तिने गरम दूध घालून झाकण घट्ट दाबलं आणि बटण फिरवलं. आता गरम वाफ कोंडली तर झाकण उडणारच, यात माझा काय दोष? कॉफी भिंतीवर, कॅलेंडरवर आणि शिवप्पांच्या इस्त्रीच्या शर्टावर. सगळे हसले. "जिम लावली का काय मम्मीनं!" गुरुशांत म्हणाला. शिवप्पा म्हणाले, "अगं, ह्या वयात कुणाला दाखवायचंय बारीक होऊन?"

तेव्हा मी माझं लाल बटण पाडून घेतलं. म्हणजे ते आपोआप पडलं, पण मला आवडलं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र तिचा हात बसला. साय काढलेलं गार दूध, दोन चमचे फुटाण्याचं पीठ, रात्री भिजवलेले पाच बदाम, चमचाभर कॉफी, चिमूटभर वेलदोडा. साखर नाही. आधी फुटाणे आणि बदाम थोड्या दुधात वाटायचे, मग बाकीचं दूध, म्हणजे गुठळी राहत नाही. चटणीच्या भांड्यात चुकूनही करायची नाही, लसूण कॉफीत उतरतो. हे शेवटचं तिला पहिल्याच आठवड्यात कळलं. वर मस्त फेस यायचा. ती ओट्याला टेकून सावकाश प्यायची, आणि तेवढी दहा मिनिटं या घरात तिची स्वतःची असायची. गुरुशांतने एकदा चोरून घोट घेतला आणि त्याच्या महागाच्या पावडरीपेक्षा हीच बरी लागते हे त्याच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं. पण बोलला असेल तर शपथ.

दोन महिने तिने एक सकाळ चुकवली नाही. आणि काट्यावर फरक किती? अर्धा किलो. ऑपरेशन पुढे ढकललं. घरात शिवप्पांना आयतंच मिळालं. "सांगितलं व्हतं मी. फुटाणे पिऊन कोन बारीक व्हतंय? नुसतं सकाळी घर्र घर्र घर्र, झोपमोड! दे तो मिक्सर भंगारात."

मला भंगारात! जो बारीक करायचं आपलं काम चोख करत होता त्याला! पण माझं सोडा. ती पोटाशी हात धरून उभी होती आणि तिलाच वाटत होतं की चूक तिची आहे. याचा मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

डॉक्टरीणबाईंनी तिला एक काम दिलं होतं. दिवसभर काय काय तोंडात जातं ते लिहून आणायचं. रविवारी दुपारी सगळ्यांची जेवणं झाली. रुद्राणीने कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि ते ओट्यावर माझ्या शेजारी ठेवून लिहायला घेतलं. "सकाळी कॉफी. दुपारी एक भाकरी, वाटीभर भाजी, ताक." इथे ती थांबली. समोर चार ताटं होती. तिने पुढे लिहिलं, "यांची अर्धी भाकरी. गुरूच्या दीड भाकरी. भुवीचा कालचा डबा. अत्तींच्या कडा." खाली लिहिलं, "रात्री तेच."

मग तिने ते पान हातात धरून वाचलं. एकदा वाचलं, परत वाचलं. इतकी वर्षं जे मी बघत होतो ते त्या दिवशी तिने पहिल्यांदा बघितलं.

तिने ताटं निपटली नाहीत. दोन ताटं उचलून बाहेर गेली, परत आली, उरलेली दोन आणि भुवनेश्वरीचा डबा घेऊन गेली. दार उघडंच होतं, मला सगळं दिसत होतं. ज्याचं त्याचं ताट तिने त्याच्यापुढे ठेवलं.

"हे काय?" शिवप्पा म्हणाले.

"तुमचं हाय. संपवा."

"आता? हात धुतलेत की मी!"

"परत धुवा."

"मम्मी, मी भाकरी खात न्हाय," गुरुशांत म्हणाला.

"मग वाढताना सांगायचं. माज्या पोटात टाकायची न्हाय." ती जागची हलली नाही. "ऑपरेशन माजं अडलंय. तुमचं न्हाय अडलं काय बी. मी काय घरातली बादली हाय व्हय, समद्यांचं उरलेलं माज्यात वतायला?"

भुवनेश्वरीने मुकाट्याने डबा पुढे ओढला. शिवप्पा मात्र उसळले. "त्या कॉफीनं डोकं फिरलंय हिचं! अव्वा, बघ तुझ्या सुनेला. प्रसादाला बादली म्हणती!"

सगळे दानम्मांकडे बघायला लागले. त्यांच्यापुढेही ताट होतं, भाकरीच्या कडा गोल पडलेल्या. मला वाटलं, संपलं. आता बोंबल्याचा आणि बोंबल्याच्या मालकिणीचा उद्धार होणार.

"मला चावत न्हाईत ग," दानम्मा हळू आवाजात म्हणाल्या.

"ठाव हाय अत्ती. उद्यापासनं तुमची भाकरी मऊ करती, कडा न ठेवता. आज आमटीत कुस्करून देऊ?"

"नको. मला हात हायत." दानम्मांनी स्वतःच कडा आमटीत कुस्करल्या. बराच वेळ लागला, कुणी उठलं नाही. शेवटचा घास झाला तशी त्यांनी ताटात पाणी घातलं, फिरवलं आणि पिऊन टाकलं. मग मुलाकडे बघून म्हणाल्या, "प्रसाद ज्याचा त्यानं संपवायचा असतोय. मीच शिकवलं आन मीच इसरले. साकु आता." साकु म्हणजे कन्नडमध्ये पुरे. या घरात तो शब्द निघाला की विषय मिटला.

तरी शिवप्पा पुटपुटतच होते. रुद्राणी आत आली, मोठ्या भांड्यात फुटाणे घातले आणि माझं बटण शेवटच्या आकड्यावर नेलं. पीठ अर्ध्या मिनिटात झालं होतं, पण तिने बटण सोडलं नाही. ती डोळे पुसत होती आणि मी गरजत होतो. बाहेरचं एक अक्षर आत येऊ दिलं नाही मी. एकवीस वर्षांत मी एवढ्या मोठ्याने कधी बोललो नव्हतो, आणि देवाशपथ, त्या दिवशी माझं लाल बटण पडलं नाही.

पुढचं सरळ आहे. ताटं रिकामी यायला लागली. पाणी भरायला बापलेक उठायला लागले, एक कुरकुरत आणि एक न कुरकुरता. पाचव्या महिन्यात सात किलो उतरले, ऑपरेशन नीट झालं. रुद्राणी घरी आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी दानम्मा एकट्याच स्वयंपाकघरात आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला हात लावला. फुटाण्याचं पीठ घातलं, बदाम घातले, आणि सुनेला बरं वाटावं म्हणून चांगलं उकळतं दूध घातलं. मी ओरडून सांगणार कसा? झाकण छताला लागलं. आतून रुद्राणी पोटाला हात लावून हसायला लागली, "हसवू नका अत्ती, टाके दुखतायत!"

दानम्मांनी आधी मला पुसलं, मग स्वतःचं तोंड.

मित्रांनो, मिक्सरला पाच मिनिटांपेक्षा जास्त फिरवू नका, भांडं धुतल्यावर पात्याखालचं पाणी पुसा, गरम दूध कोंडू नका. एवढं केलंत तर आम्ही तुम्हाला पंचवीस वर्षं पुरतो. आणि आज जेवण झाल्यावर हात धुऊन लगेच बाहेर पळू नका. तुमच्या ताटात उरलेली ती अर्धी भाकरी कुठे जाते, ते ओट्यापाशी येऊन एकदा बघा. आमच्या पोटाखाली लाल बटण आहे. तिथे उभ्या असलेल्या बाईला ते कुणी बसवलेलं नाही.