अक्काचा मुराळी

लग्न झालेल्या बहिणीला सासरहून माहेरी आणायला जो भाऊ जातो तो मुराळी. देवासच्या जुन्या मराठा घरांत हा शब्द अजून टिकून आहे. भाऊ मात्र हल्ली फोनवरच 'आ जाओ' म्हणून मोकळे होतात. बापू त्यातला नव्हता. धारला दिलेल्या थोरल्या बहिणीला, अक्काला, आणायला तो दर आखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, स्वतः जायचा. गेली दोन वर्षं मात्र त्यात खंड पडला होता. अक्काची फुप्फुसं पार थकली होती. भिंतीतल्या प्लगला जोडलेलं यंत्र नाकातल्या नळीतून तिला ऑक्सिजन पुरवायचं, आणि त्या नळीच्या लांबीएवढंच तिचं जग उरलं होतं.

एकदा फोनवर ती बोलून गेली, "नेमावरच्या घाटावर एकदा पाय बुडवायचे होते रे. राहिलंच ते." नर्मदा धार जिल्ह्यातूनही वाहते. पण आईच्या अस्थी नेमावरला सोडल्या होत्या, म्हणून अक्काला घाट हवा होता तो तोच. या बाईनं भावाकडे जन्मात काही मागितलं नव्हतं. बापूच्या जिवाला चटका लागला.

मग गडी हट्टालाच पेटला. एक जुनी व्हॅन घेतली. मागच्या सीटा काढून पलंग ठोकला, टपावर सोलर पॅनल बसवले, पलंगाखाली बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. चालत्या इंजिनवर बॅटऱ्या भरायची सोय तेवढी करायची राहून गेली, कारण आखातीज तोंडावर आली होती. मोकळ्या मैदानात गाडी लावून त्यानं अक्काच्या यंत्राएवढा भार दिवसभर चालवून पाहिला. बॅटरी भरलेली ती भरलेलीच. बापू त्या मैदानात एकटाच हसला.

धारला अक्काची सून रुची काही केल्या तयार होईना. "मामाजी, रस्त्यात मशीन बंद पडली तर काय करणार तुम्ही?"

"ऑक्सिजनचा सिलिंडर आहे ना बरोबर. आणि सूरज काय बंद पडतो का, बेटा? तुझ्या सासूला सुखरूप आणून सोडतो. शब्द आहे माझा."

रात्री देवासला बापूच्या घरी मुक्काम केला आणि पहाटे दोघं निघाली. नेमावरला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं, घाटावर ही गर्दी.

"आत्ताच जाऊन येऊ या का?" अक्कानं विचारलं.

"पाय भाजतील तुझे. संध्याकाळी जाऊ. पायऱ्या निवतील, गर्दी ओसरेल. मग नावाडी लोक तुला खुर्चीसकट खाली उतरवतील."

अक्का बरं म्हणाली. आणि बापूनं माळव्यातला कुणीही शहाणा माणूस वैशाखात जे करील तेच केलं. घाटाच्या वरच्या अंगाला एक जुनी चिंच होती, तिच्या गर्द सावलीत गाडी लावली. इतक्या दिवसांनी मुराळी होऊन आणलेली बहीण, तिला काय उन्हात बसवायचं? वर खास तिच्यासाठी आणलेला छोटा कूलरही सुरू केला. पॅनलला ऊन लागतं हे ज्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं, त्याच्या ते डोक्यातच आलं नाही. मायेनं माणूस इतका आंधळा होतो, दुसरं काय म्हणायचं?

दिवस मात्र फार छान गेला. डब्यातला आमरस दोघांनी चाटूनपुसून खाल्ला. आईच्या आठवणी निघाल्या, अक्का दम लागेपर्यंत हसली. खिडकीतून नदी दिसत होती. अक्का तिच्याकडे बघायची आणि पुन्हा बोलायला लागायची. बॅटरीच्या मीटरकडे बघायची आठवण कुणालाच झाली नाही.

ऊन कलायला लागलं आणि पलंगाखालून इन्व्हर्टर टीं टीं करू लागला. बापूनं वाकून पाहिलं. बॅटरी संपत आली होती. बाहेर येऊन त्यानं वर मान केली. टपावर चिंचेची सावली तशीच पसरलेली होती. तो धर्मशाळेकडे धावला. "दोपहर से लाइट नहीं है, भिया," तिथला माणूस म्हणाला. बापूनं गाडी उन्हात काढली, पण त्या उतरत्या उन्हात जीव नव्हता. यंत्र थांबलं. त्यानं नळी सिलिंडरला जोडली. धारचा जिना उतरताना आणि देवासला चढता-उतरताना त्यातला बराच संपला होता.

"किती वेळ पुरेल?" अक्कानं विचारलं.

"खातेगावच्या दवाखान्यापर्यंत."

"आणि घाटावर जाऊन आले तर?"

बापूनं सिलिंडरचा काटा पाहिला आणि नकाराची मान हलवली. अक्का खिडकीतून बघत राहिली. खाली पायऱ्या रिकाम्या झाल्या होत्या, पाणी शांत होतं. बापू तांब्या घेऊन धावतच खाली गेला आणि धापा टाकत भरून घेऊन आला. "दे पाय इकडे. मी घालतो."

"राहू दे," ती म्हणाली. "तांब्यातली नर्मदा धारच्या देव्हाऱ्यातही आहे रे. चल, रुचीला शब्द दिलायस तू."

बापू तिथेच मातीत बसला आणि पोरासारखा रडायला लागला. "चुकलो गं अक्का. तुला ऊन लागू नये म्हणून..."

अक्कानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. थांबून थांबून, श्वास जपत ती बोलली. "सासरी उभा जन्म उन्हातच काढला की मी. आजचा एक दिवस मला काय जड होता?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बापूला सोसलं असतं. त्यानं डोळे पुसले आणि गाडी खातेगावच्या रस्त्याला लावली. मागे पलंगावर अक्का पाय पोटाशी घेऊन पडली होती. ते कोरडेच होते.