तारीख नसलेली साक्ष

“या साक्षीतल्या ताईंना भेटायचंय मला,” दारातली बाई म्हणाली आणि मासिकाचे घडी पडलेले पान तिने टेबलावर पसरले.

मुद्रितशोधकाने चष्मा वर सरकवला. पानावर त्याच्याच बायकोचा फोटो होता. तिला जाऊन तीन वर्षे झाली होती.

ख्रिस्ती मंडळीच्या या मासिकाची प्रुफे तो सव्वीस वर्षे तपासत होता. सगळे त्याला मात्राकाका म्हणत. विशेषांकाला मजकूर कमी पडला, तेव्हा पास्टरांनी प्रार्थनेने बरे झाल्याच्या जुन्या गाजलेल्या साक्षी तारखा गाळून पुन्हा छापायला काढल्या. मात्राकाकाने समासात पेन्सिलीने ‘लेखिका हयात नाही’ असे लिहिले होते. प्रूफ परत आले तेव्हा ते पुसलेले होते. त्याने ते तसेच छपाईला सोडले. न बोलण्याचाच तर त्याला पगार मिळत होता.

“बसा,” तो म्हणाला. “काम काय होतं?”

बाई शिवणकाम करणारी होती. ब्लाउजच्या बाहीला अजून दोन टाचण्या टोचलेल्या होत्या. तिने काखेजवळ हात नेला. “इथे गाठ आहे, काका. डॉक्टर म्हणतात सोमवारी भरती व्हा. आमच्या प्रार्थनागटातल्या म्हणतात, सुरी लावून घेतलीस तर तुझा विश्वासच कच्चा. या ताईंनी कुठे लावून घेतली? एकदा त्यांच्या तोंडून ऐकलं, की मी सोमवारचं रद्द करून टाकते.”

आवाज ऐकून पास्टर केबिनमधून बाहेर आले. माईकची सवय इतकी अंगात मुरलेली, की समोर दोन माणसे असली तरी ते दोनशेंशी बोलल्यासारखे बोलत.

“हालेलुया! भगिनी, प्रभूनेच तुम्हांला इथे आणलं. त्या ताई सध्या परगावी असतात. पण त्यांची साक्ष आहे ना तुमच्या हातात! विश्वास धरा.”

मात्राकाका त्यांच्याकडे बघत राहिला. याच माणसाने त्याच्या बायकोच्या पलंगाशी उभे राहून औषधाच्या बाटल्या नजरेआड करायला सांगितल्या होत्या. त्याच आठवड्यात स्वतःची दाढ ठणकली, तेव्हा मात्र प्रार्थनासभा अर्धी टाकून गाल धरत दंतवैद्याकडे धावला होता. देवाच्या खात्यात दाढा येत नसाव्यात.

“चला,” तो बाईला म्हणाला. “भेटवतो.”

“काका, प्रुफं पडलीत,” पास्टर म्हणाले. आवाज एकदम साध्या माणसाचा झाला होता.

“पडू देत.”

वाटेत बाई उत्साहाने बोलत होती. “फोटोत किती हसऱ्या आहेत हो! न सांगता गेलेलं चालेल ना त्यांना?”

“चालेल.”

दफनभूमीच्या फाटकाशी ती थबकली. मग काही न विचारता त्याच्या मागून आली. दगडावरचे नाव तिने वाचले, मासिकातले वाचले, पुन्हा दगडावरचे वाचले.

“या तुमच्या कोण?”

“बायको.”

“आणि ही साक्ष कधीची?”

“जायच्या पाच महिने आधीची.”

“मग ‘गाठ नाहीशी झाली’ हे काय लिहिलंय? खोटं बोलल्या त्या?”

“ती नाही.” तो दगडाकडे बघत म्हणाला. “तिने लिहिलं होतं, गाठ जरा मऊ लागतेय, देव जाणे. पास्टर म्हणाले, साक्षीला जोर हवा. तो मी भरला. ते वाक्य माझं आहे.”

“त्यांनी वाचलं ते?”

“छापून आल्यावर. दोनदा वाचलं. मग मला विचारलं, ‘अहो, खरंच गेली असेल का?’ मी म्हटलं, छापलंय ना. त्या आठवड्यात तिची दवाखान्याची तारीख होती. गेलो नाही आम्ही.”

बाई त्याच्याकडे बघत राहिली. पास्टरांविषयी इतकी वर्षे त्याच्या मनात जे साठले होते, नेमके तेच तिच्या नजरेत होते. फक्त रोख त्याच्यावर होता.

“शिकलेले ना हो तुम्ही?” ती म्हणाली.

मासिक तिने दोन बोटांत धरून त्याच्या हातात दिले, बोटे पदराला पुसली आणि ती निघाली. तो मागून गेला. सोमवारी उपाशीपोटी जावे लागते, जुने कागद न्यावे लागतात, हे सगळे तिला सांगायचे होते.

फाटकाशी थांबून तिने पहारेकऱ्याला विचारले, “सरकारी दवाखान्याची बस कुठून मिळते?”

पहारेकरी नवा होता. त्याला नीट सांगता येईना. मात्राकाका चार पावलांवर उभा होता. त्या साक्षीआधी दोन वर्षे बायकोला घेऊन तो त्याच बसने जात होता.

बाईने पहारेकऱ्यालाच पुन्हा विचारले.