माझ्या पोटातली आडवाट

मित्रांनो, मी तांबी मांजर. अंगानं राखाडी आहे, पण डोळे घासलेल्या तांब्याच्या भांड्यासारखे, म्हणून हे नाव पडलं. मला आता नऊ वर्षं पूर्ण होतील, तरी नवा माणूस मला पिल्लूच समजतो, कारण मी पुरती वाढलेच नाही. तसं का झालं, ते सांगते.

माझा जन्म उजनी धरणाकाठच्या एका गावात, केराबाईंच्या घरी झाला. केराबाई मासे विकत. चार भावंडांत मीच किरकोळ, म्हणून त्यांची माया माझ्यावर जास्त. माशाचे काटे काढून त्या मला भरवत. "खा गं, अंगाला लागू दे," म्हणत. भावंडं वाढली, वेगवेगळ्या घरी गेली. माझ्या अंगाला मात्र काही लागेना.

उलट पोटभर मासा खाल्ला की थोड्या वेळानं लाळ गळू लागे. समोरचं दिसेनासं होई. मी झोकांड्या खात भिंतीशी जाई आणि भिंतीला डोकं दाबून उभी राही. का, ते मलाही कळत नसे. दुसऱ्या दिवशी सगळं ओसरे. मग अशक्तपणा आला असेल म्हणून केराबाई आणखी मासा पुढे ठेवत.

एकदा मी अंगणात अशीच गोल गोल फिरत होते. शेजारचा बिभीषण काठी घेऊन आला.

"मावशे, मांजर पिसाळलंय. हितं पोरं खेळत्यात. बाजूला हो."

केराबाई मध्ये उभ्या राहिल्या. "पिसाळलं न्हाय ते. खाल्लं की आसं हुतंय त्येला. उद्या बघ, बरं आसतंय."

"लाळ गळतीया की. कुणाला चावलं मग?"

गावच्या शाळेतल्या जगदेवीबाई शेजारच्याच खोलीत राहत. गलका ऐकून त्या बाहेर आल्या. त्याच आठवड्यात त्या निवृत्त होऊन सोलापूरला आपल्या घरी जाणार होत्या. "हिला मी नेते, केराबाई. तिथं जनावरांचे डॉक्टर आहेत," त्या म्हणाल्या. केराबाईंनी मला टोपलीत ठेवलं, वर फडकं बांधलं आणि त्या आत गेल्या.

जगदेवीबाईंच्या घरी कानडी आणि मराठी दोन्ही बोलतात. "बा इल्ली," म्हणजे इकडे ये, असं म्हणाल्या की मी पळत जाई. ते घर शाकाहारी. मला दूधभात, दहीभात मिळे. महिनाभर एकदाही त्रास झाला नाही. मी बरी झाले असंच बाईंना वाटलं. मग एका दुपारी मी शेजारच्या घरात शिरून मटण खाल्लं, आणि तिन्हीसांजेला पुन्हा भिंतीला डोकं लावून उभी राहिले.

बाईंनी मला तसंच डॉक्टर धम्मप्रियांकडे नेलं.

"हे केव्हा केव्हा होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"केराबाई म्हणायच्या, खाल्लं की होतं. माझ्याकडे दूधभातावर बरी होती. आज मटण खाल्लं."

डॉक्टर माझ्या डोळ्यांकडे बघत राहिल्या. मग रक्त तपासलं, सोनोग्राफी केली आणि बाईंना समजावून सांगितलं. "आतड्यांतलं रक्त आधी यकृतात जातं. तिथं त्यातलं विष निघतं. हिच्या पोटात जन्मापासून एक जादा रक्तवाहिनी आहे. तिच्यातून रक्त यकृताला चुकवून आडवाटेनं पुढं जातं. मांसामासळीनं अमोनिया वाढतो, तो मेंदूपर्यंत पोचतो, आणि ही अशी गुंगते. वाढ खुंटते ती यानंच. अशा काही मांजरांचे डोळे असे तांबूस असतात."

ज्यांच्यावरून माझं नाव पडलं, ते डोळे माझ्या दुखण्याची खूण होते तर.

नुसत्या दूधभातावर मांजर जगत नाही, म्हणून डॉक्टरांनी बेताचा आहार आणि एक गोड औषध ठरवून दिलं. पुण्यात शस्त्रक्रिया होऊ शकत होती. त्या वाहिनीभोवती कडी बसवतात, मग वाहिनी हळूहळू बंद होते. "पण मांजरांत खात्री देता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

बाईंनी केराबाईंना फोन लावला. केराबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी मीच तिला मासा घालून मारत हुते की, बाई."

"तसं नाही. तुम्ही नीट बघितलं होतं, म्हणून डॉक्टरांना कळलं. आता काय करू?"

"करा आप्रेशन. मी येते."

पुण्याच्या दवाखान्यात त्या दोघी बाकावर शेजारी बसून होत्या. केराबाईंनी पाण्याचा घोटही घेतला नाही, असं बाईंनी नंतर मला सांगितलं. मी शुद्धीवर आले तेव्हा पाय लटलटत होते. पाच दिवस काही खरं नव्हतं. सहाव्या दिवशी मी उठून, कशाला न धडकता, सरळ चालत बाकापर्यंत गेले.

मित्रांनो, आता मी बाईंच्या घरी सुखात आहे. जिना चढते, गच्चीवर ऊन खाते, चिमण्यांवर लक्ष ठेवते. एवढीशी राहिले, त्याचं वाईट वाटत नाही. माझ्यासारखी आडवाट घेऊन जन्मलेली मांजरं आणि कुत्री आणखीही असतील. कुणी झोकांड्या खाताना, लाळ गाळताना दिसलं तर त्याला हात लावू नका, पण काठीही उचलू नका. घरातल्या मोठ्यांना सांगा, डॉक्टरांना बोलवा. आणि तुमचं स्वतःचं जनावर असेल, तर ते कधी काय खातं आणि मग कसं वागतं, तेवढं बघत जा. डॉक्टर विचारतील तेव्हा आमच्या वतीनं उत्तर तुम्हालाच द्यायचं असतं.