शेवटच्या गाडीचा गुच्छ

"मादाम, बटाटे राहू द्या आता. गाडी आली बघा!" मारियॉनने स्वयंपाकघरात डोकावून म्हटलं.

"तू हो पुढे. सूप उतू जाईल," ऑर्तांस म्हणाली. सूप तिने केव्हाच उतरवलं होतं.

फ्रान्समधल्या बोर्दोजवळचा हा द्राक्षमळा एकेकाळी तिचा. पाच पिढ्यांनी कमावलेला, तिच्या कारकिर्दीत धुळीला मिळाला. पुढे कित्येक वर्षं वेली तणात बुडून गेल्या. मारियॉन आणि तिच्या नवऱ्याने मळा घेतला, नव्या वेली लावल्या, तळघरातली कुजकी पिंपं बदलली. आज त्यांच्या पहिल्या तोडणीची शेवटची गाडी. मारियॉनने म्हातारीला मानाने बोलावलं होतं. ती आली खरी, पण बटाटे सोलायच्या निमित्ताने आत दडून बसली. बाहेरच्यांना कुठल्या तोंडाने सामोरी जाणार?

शेवटच्या गाडीवर फुलांचा गुच्छ यायचा. तोडणाऱ्यांतली वडीलधारी बाई तो मालकिणीला द्यायची, मालकीण पहिला पेला स्वतःच्या हाताने भरायची, मग जेवणं. ऑर्तांसच्या अखेरच्या वर्षी घरात वाढायला काही उरलं नव्हतं. मंडळी गुच्छ घेऊन आली, तेव्हा ती खिडक्या लावून दाराआड श्वास रोखून उभी राहिली. त्यांनी हाका मारल्या, कडी वाजवली. शेवटी गुच्छ पायरीवर ठेवून सगळी उपाशीच परत गेली. ते आठवलं की आजही तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

तोडणाऱ्यांतली वडीलधारी जिनेत गुच्छ घेऊन दार ढकलून आत आली. त्या दिवशीही गुच्छ हिच्याच हातात होता.

"घ्या, बाईसाहेब."

"अगं, मालकीण बाहेर उभी आहे. मी कोण आता?"

"तिनंच पाठवलंय. म्हणाली, आधी राहिलेलं पुरं करा, माझं पुढल्या वर्षी."

"त्या दिवशी मी... घरी नव्हते गं," ऑर्तांस पुटपुटली.

"दाराखालच्या फटीतनं तुमचे बूट दिसत होते की! सगळ्यांनीच पाहिले. मग मीच म्हटलं, बाई परगावी गेल्यात, चला."

ऑर्तांसचे कान लाजेने तापले. म्हणजे झाकली मूठ पहिल्या दिवसापासून उघडीच होती. आणि हीच माणसं इतकी वर्षं बाजारात तिला टोपी काढून नमस्कार करत होती.

तिने ओले हात पुसून गुच्छ घेतला, बाहेर गेली, वाइनची सुरई उचलली. पहिला पेला जिनेतचा. मग एकेकाचा. मान वर करायचा धीर तिला झाला नाही. पेले भरताना तिला दिसत होते ते फक्त त्यांचे चिखलाने माखलेले बूट.